घरातील चित्रसंग्रह आणि प्रतींचा पाठभेद

इंदूरची छत्रीबाग होळकर घराण्याच्या स्मारकछत्र्यांवरून ओळखली जाते. छत्री दगडाची आणि एकच. तिची झीज झाली तरी मूळ वास्तू कोणती, हा प्रश्न पडत नाही. चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. तो प्रतींच्या रूपानेच जगतो, आणि प्रती आल्या की पाठभेदही येतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

घरी चित्रपट जपून ठेवण्याची सोय फार जुनी नाही. घरगुती चित्रफितीचे व्हीएचएस यंत्र जपानात १९७६ साली निघाले आणि दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर ते भारतातील मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले. पुण्यामुंबईपासून दूर माळव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही आता ‘प्रभात’चा बोलपट कपाटात ठेवता येऊ लागला. पुढे तबकड्या आल्या. एकाच चित्राच्या दोन प्रती ज्याच्या हाती आल्या, त्याच्या मनात शंकेनेही घर केले.

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ घ्यावा. १९३६ चे हे चित्र १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविले गेले. ते सुमारे १३१ मिनिटांचे. परंतु चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे सरकतात, तर आपल्याकडील दूरदर्शनपद्धतीत २५. चित्र त्या गतीने फितीवर उतरविले की एकही प्रसंग न कापता पाचएक मिनिटे कमी होतात, आणि आवाजही किंचित चढतो. विष्णुपंत पागनीसांचा अभंग मूळ पट्टीत ऐकू येतो की नाही, हे त्या एका चित्रावर ठरते! रुंद पडद्याच्या चित्रांची दशा तर याहून वाईट. ‘कागज के फूल’सारखे १९५९ चे सिनेमास्कोप चित्र चौकोनी पडद्यात बसवावयाचे म्हणजे दोन्ही बाजू छाटावयाच्या, नाही तर वरखाली काळे पट्टे सोसावयाचे.

हे भेद यंत्राचे झाले. इतिहासाला धक्का देणारा भेद दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला हा मूकपट चार रिळांचा होता; त्यातील पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढे चित्रपटाच्या काही अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, ही रिळे १९१३ ची नव्हेत; फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली, तिची ती आहेत. हे मत ग्राह्य धरले तर पहिल्या ‘हरिश्चंद्रा’चे एकही रीळ हाती उरत नाही. वेष्टनावर १९१३ छापले म्हणून आतले चित्र १९१३ चे होत नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चे दैव मात्र बरे: फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे त्याची उरलीसुरली दृश्ये क्रमवार लावता आली. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तेथे चित्रे मिळविण्यासाठी पी. के. नायर गावोगाव हिंडले. मूकपटांच्या जुन्या नायट्रेट फिती पेट घेत, आणि पुष्कळशा तर चांदीच्या लोभाने गाळल्या गेल्या.

परदेशी ठेवल्याने चित्र सुरक्षित राहते, हाही भ्रमच. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. तिचा जो भाग वाचला तो सांधून आणि उरलेला इतर प्रतींतून भरून काढून २०१५ मध्ये नवी प्रत लोकांपुढे आली. जुनी फीत आणि ही प्रत शेजारी लावून पाहणाऱ्यास काशफुलांचे शेत जणू प्रथमच दिसते.

व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ साली थांबले; नायरही त्याच वर्षी निवर्तले. कपाटांतील फितींना पावसाळ्यात बुरशी धरते. त्या टाकून देण्याची घाई मात्र करू नये, कारण नव्या तबकडीत गाळलेले एखादे गीत जुन्या फितीत शाबूत सापडते. तेव्हा फीत नव्या साधनावर उतरविताना ती कोठून व केव्हा मिळाली आणि किती मिनिटांची भरली, एवढे तरी डबीवर लिहून ठेवावे.