प्रत आणि कुलूप

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी फितीवर उतरवून घेणे हा न्याय्य वापर होय, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सोनी खटल्यात ठरविले; तेही पाच विरुद्ध चार मतांनी. चित्रपटांच्या तबकड्यांचा वाद मात्र निराळ्या शब्दाभोवती फिरला. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात ‘प्रत’ मागे पडून ‘कुलूप’ पुढे आले: डीव्हीडीवरील सांकेतिक बंधन भेदणारे साधन विकणेच निषिद्ध झाले. २००९ साली रियलडीव्हीडी खटल्यात न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी, मालकाने स्वतःपुरती केलेली राखीव प्रत न्याय्य ठरूही शकेल, हे मान्य केले आणि तरीही साधनाच्या विक्रीस मनाई केली. हक्क असलाच तर किल्लीवाचून राहिला. संगणकाच्या आज्ञावलीला १९८० पासून राखीव प्रतीची स्पष्ट सवलत आहे; चित्रपटाला ती मिळालेली नाही.