रंगाची पेटी अन् सारस
आमच्या लहानपणी रंग दुकानातून येत नव्हता. शिमग्याला पळसाची फुलं उकळली की केशरी रंग तयार. तांबड्याला गेरू, काळ्याला दिव्याची काजळी. तिकडे मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा मांडला. त्याचंच पुढे कॅम्लिन झालं अन् रंगाच्या वड्या खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचल्या.

यंदा नवी पेटी आणून वहीत सारस काढला. काळ्यात पाणी वाढवलं की अंगाचा राखाडी उतरतो. तो वाळल्यावरच डोक्या-मानेचा लाल लावायचा, नाहीतर पसरतो.

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदियाकडं, तोही मोजकाच. बांधीत त्याचं घरटं दिसलं तर तेवढी जागा सोडा. वहीतला सारस लेकरांना धानातही दिसला पाहिजे.