भिंतीवरचीं अक्षरें आणि लिहिणाराचें शील

चिनी सुशिक्षित गृहस्थाच्या दिवाणखान्यांत चित्रांइतकाच मान अक्षरांस मिळत आला आहे. कागदावर किंवा रेशमावर कुंचल्यानें लिहावयाचें, मागें खळीनें कागदाचे थर चिकटवून तो लेख टिकाऊ करावयाचा, वर पट्टी व खालीं दांडा बसवून भिंतीवर टांगावयाचा, आणि नको असेल तेव्हां गुंडाळून ठेवावयाचा, असा हा प्रकार. त्यावर पुष्कळदां कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील नीतितत्त्वें असत: मातृपितृभक्ति, निष्ठा, सचोटी, संयम. परंतु काय लिहिलें आहे एवढेंच पाहून चिनी रसिक थांबत नसे. कोणी लिहिलें आहे, हा त्याचा दुसरा प्रश्न असे. अक्षर हें लिहिणाराच्या शीलाचें प्रतिबिंब होय, ही त्यामागची श्रद्धा. ती कितपत खरी, हें इतिहासास विचारून पाहण्याजोगें आहे.

थांग घराण्यांतील मूत्सुंग बादशहानें (राज्यकाल इ. स. ८२०–८२४) ल्यू कुंगछ्वान या नामांकित लेखकास कुंचला कसा चालवावा, असें एकदां विचारलें. ल्यूनें हाताची गोष्ट सोडून मनाच्या सरळपणाची गोष्ट काढली. बादशहाचा चेहरा पालटला; अक्षराच्या निमित्तानें आपले कान उपटले जात आहेत, हें तो उमगला.

या श्रद्धेचा सर्वांत मोठा आधार म्हणजे यान चेनछिंग (७०९–७८५). ७५५ सालीं आन लुशान यानें बंड केलें, तेव्हां यानच्या कुटुंबानें बादशहाची बाजू सोडली नाहीं. त्याचा चुलतभाऊ व तरुण पुतण्या त्यांत मारले गेले. ७५८ सालीं पुतण्याच्या श्राद्धासाठीं त्यानें एक मसुदा लिहिला. त्यांत खाडाखोड आहे, कोठें शाई दाट तर कोठें कोरडी आहे. शोकानें हात आवरेनासा झाल्याचें स्पष्ट दिसतें. पुढें सत्तरी उलटल्यावर एका बंडखोराची समजूत घालण्यास त्याला पाठविण्यांत आलें. तो शरण गेला नाहीं व प्राणास मुकला. त्याचीं भरदार अक्षरें आजही विद्यार्थी गिरवितात.

आतां दुसरी बाजू पाहूं. मिंग काळांतील चांग रुइथू (१५७०–१६४१) हा असामान्य लेखक. पण वेइ चुंगश्येन या जुलमी खोजाच्या गौरवार्थ उभारलेल्या मंदिरांस त्यानें लेख लिहून दिले, आणि १६२७ सालीं खोजाचा पाडाव होतांच त्याचीही अप्रतिष्ठा झाली. चाओ मंगफू (१२५४–१३२२) हा तर सुंग राजकुळांतला असून त्यानें मोंगल विजेत्यांची नोकरी पत्करली. फू शान (१६०७–१६८४) तरुणपणीं त्याचें वळण गिरवूं लागला, तों तें फार लवकर साधलें. दुर्जनाची संगत जशी चटकन् जडते तसेंच हें, असें वाटून तो पुन्हां यानच्या वळणाकडे वळला. तथापि चाओचीं अक्षरें त्यामुळें कुरूप ठरलीं नाहींत. अर्थात् सुंदर हस्ताक्षर हा सदाचाराचा पुरावा नव्हे, हें मान्य केलें पाहिजे.

मग हीं तत्त्वें भिंतीवर टांगण्यांत अर्थ काय? याचें उत्तर चू पोलू (१६२७–१६९८) याच्या चरित्रांत सांपडतें. त्याचे वडील १६४५ सालीं मांचू सैन्याशीं झगडतांना पडले. त्यानें नव्या राज्याची चाकरी न करितां विद्यादानांत जन्म घालविला. त्यानें घरासाठीं लिहिलेले सुमारें पांचशें अक्षरांचे नियम लोक पट्ट्यांवर लिहवून लावूं लागले. पहाटे उठणें, घर झाडणें, अन्नामागचे कष्ट स्मरणें, असे ते साधे नियम आहेत. मोठाल्या तत्त्वांपेक्षां असले नियम रोज डोळ्यांपुढें राहिल्यानें अंगवळणीं पडण्याचा संभव अधिक.

मात्र या भिंतीस दुसरा रंगही होता. याच नीतीच्या नांवाखालीं सुनांस व धाकट्यांस मुकाट्यानें सोसावें लागे. लू शून याच्या १९१८ मधील 'वेड्याची रोजनिशी' या कथेंत नायकास नीतितत्त्वांच्या ओळींमध्यें मनुष्यभक्षणाची गोष्ट दिसते, ती याचमुळें. १९६६ सालीं तर छूफू येथें कन्फ्यूशियसच्या मंदिराचीच मोडतोड झाली.

इतकें होऊनही २०१९ सालीं टोकियो येथें यानचा तो मसुदा प्रदर्शनांत मांडला गेला, तेव्हां लोकांनीं रांगा लावल्या. तो भिंतीवर टांगण्यासाठीं लिहिलेला नव्हता, व त्यांत कोणासही उपदेश नाहीं. आपल्या माणसांसाठीं झुरणाऱ्या एका एकनिष्ठ पुरुषाचा तो हात आहे. नीतीचा लेख भिंतीवर लावणाऱ्यानें तो आधीं स्वतःस वाचून दाखवावा, एवढाच बोध यांतून घेण्यासारखा आहे.