जमीन महसूल, उपकर आणि शाळा : नांदेड-लातूरच्या शिक्षणकराचा इतिहास

सार्वजनिक शाळेचा खर्च स्थानिक मालमत्तेवरील करातून भागवण्याची पद्धत जगात दोन टोकांना पोहोचलेली दिसते. अमेरिकेत घरपट्टीचा मोठा वाटा त्या त्या भागातील शाळांनाच मिळतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची शाळा गरीब अशी विषमता निर्माण होते. 1973 मध्ये टेक्सासमधील अशाच एका तक्रारीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. महाराष्ट्रात, आणि विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, याच्या नेमके उलट घडले. येथे शाळेसाठीचा कर गावच्या जमिनीवर बसवून सुरू झाला खरा, पण पुढे तो टप्प्याटप्प्याने राज्याच्या तिजोरीकडे सरकत गेला.

या वाटचालीचा आरंभ जमीन महसुलावरील उपकरात, म्हणजे मूळ कराच्या रकमेवर ठराविक प्रमाणात आकारल्या जाणाऱ्या जादा करात आहे. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा वसूल करण्यास सुरुवात झाली, 1869 च्या कायद्याने त्या वसुलीला कायदेशीर आधार मिळाला आणि उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. हा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येत असताना त्याच्याच मुलांना शाळा मिळत नाही, हे महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात दाखवून दिले. शिक्षणकराविषयीचा मूळ वाद त्यांच्या या मांडणीतच सापडतो, कारण देणारा आणि लाभ घेणारा यांच्यातील अंतर किती असावे, हा प्रश्न पुढील प्रत्येक कायद्यात पुन्हा उभा राहिला.

नांदेड आणि लातूर त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा तर उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन 1982 मध्ये अस्तित्वात आला. निजामाच्या राज्यातही महसुलाच्या रुपयामागे एक आण्याचा ‘लोकल फंड’ उपकर घेतला जाई आणि त्याच्या विनियोगासाठी जिल्हा व तालुका मंडळे नेमलेली असत. मात्र जिल्हा मंडळाचा अध्यक्ष अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी, आणि तालुका मंडळाचा अध्यक्ष तहसीलदार असल्यामुळे कर स्थानिक असला तरी निर्णय स्थानिक लोकांचे नव्हते. शिवाय संस्थानाचा मोठा प्रदेश जहागिरी, पायगा म्हणजे बड्या सरदार घराण्यांच्या जमिनी, आणि निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास यांत विभागलेला होता. तेथील महसूल दिवाणी खजिन्यात, म्हणजे सरकारच्या नेहमीच्या तिजोरीत, जमा होत नसे, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांनाही या उपकराचा सारखा लाभ मिळणे शक्य नव्हते. या व्यवस्थेचा परिणाम असा झाला की, पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डांच्या शाळा रुजत असताना मराठवाड्यात शाळा ही प्रामुख्याने सरकारी बाब राहिली, आणि जेथे सरकार पोहोचले नाही तेथे लोकांनी वर्गणीतून खासगी शाळा चालवल्या. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 मध्ये उभे राहिले, तेही स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लोकांच्या शैक्षणिक चळवळीतून.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळांबरोबर निजामकालीन माध्यमिक शाळाही येथील जिल्हा परिषदांकडे आल्यामुळे जिल्हा परिषदेची हायस्कुले हे मराठवाड्याचे एक वेगळेपण ठरले. जिल्हा परिषद कायद्याने महसुलावरील उपकराची जुनी पद्धत कायम ठेवली. तलाठी महसुलाबरोबर तो वसूल करी आणि ती रक्कम जिल्हा परिषदेला मिळे. कार्यालयीन बोलीत ‘सेस फंड’ म्हणतात तो स्वउत्पन्नाचा निधी याच मार्गाने उभा राहिला. पण जमिनीची आकारणी दशकानुदशके जवळपास तीच राहिली आणि शिक्षकांचे पगार मात्र वाढत गेले. त्यातच पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या खाली आली की महसुलात सूट मिळते, आणि उपकर महसुलाला बांधलेला असल्याने तोही घटतो. दुष्काळ वारंवार भोगणाऱ्या जिल्ह्यात शाळेचा पगार अशा करावर अवलंबून ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून वेतनाचा भार राज्याच्या अनुदानावर गेला. उरलेल्या सेस फंडातूनही 20 टक्के मागासवर्गीय कल्याणासाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी राखावे लागतात, त्यामुळे शाळेच्या वाट्याला किरकोळ दुरुस्तीपुरती रक्कम येते.

शहरांसाठी दुसरा मार्ग 1962 च्याच शिक्षण उपकर कायद्याने आखला. नागरी भागातील इमारतींच्या वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ती इमारत वर्षभर भाड्याने दिल्यास मिळू शकणाऱ्या रकमेच्या अंदाजावर, हा कर चढत्या दराने बसतो आणि बिगरनिवासी इमारतींना तो अधिक भरावा लागतो. ग्रामीण भागात ऊस, केळी यांसारख्या बागायती नगदी पिकांखालील जमिनीवर विशेष आकारणीची तरतूद झाली, म्हणजे मांजराकाठचा ऊस आणि अर्धापूरची केळीही या कायद्याच्या कक्षेत आली. 1970 च्या दशकात त्याला रोजगार हमी कराची जोड मिळाली. नांदेडला 1997 मध्ये आणि लातूरला 2011 मध्ये महानगरपालिका झाली, तरी मालमत्ता कराच्या बिलातील सामान्य कर, वृक्ष कर आणि अग्निशमन कर यांच्या रांगेत छापलेल्या राज्य शिक्षण कराची रक्कम पालिका केवळ गोळा करते आणि ती राज्याकडे भरते. त्यामुळे शिक्षण कर भरणाऱ्या घरमालकाला त्याचा पैसा आपल्या प्रभागातील शाळेकडे जाताना दिसत नाही. केंद्राने 2004 मध्ये प्राप्तिकर व अन्य करांवर दोन टक्क्यांचा शिक्षण उपकर लावला, तेव्हा हे अंतर आणखी वाढले.

या दुराव्याचा लाभ नाकारता येणार नाही. किनवट किंवा जळकोटसारख्या तालुक्याला केवळ आपल्या मालमत्तेच्या बळावर शिक्षकांचे पगार देता आले नसते. राज्याच्या अनुदानामुळे तेथील शिक्षकाला पुण्याजवळच्या शाळेतील शिक्षकाइतकीच वेतनश्रेणी मिळते. अमेरिकी पद्धतीतील विषमता येथे वेतनापुरती तरी टळली. परंतु इमारत, वीजबिल, स्वच्छतागृह आणि संगणक या खर्चांत गावाची ऐपत पुन्हा डोके वर काढते. ग्रामपंचायतीने घरपट्टीतून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून वीजबिल भरले तर शाळेत दिवा लागतो, आणि 2015 नंतरच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात अनेक गावांनी लोकवर्गणीतून वर्ग डिजिटल केले. ही वर्गणी कायद्याने सक्तीची नसली तरी ती व्यवहारात शाळेसाठीची दुसरी पट्टीच होय. फरक इतकाच की, तिचा आकडा ग्रामसभेत वाचला जातो आणि पै-पैचा हिशेब गावकरी मागू शकतात. राज्याने वेतनाची हमी आपल्याकडे ठेवणे या जिल्ह्यांसाठी अपरिहार्य होते, पण शिक्षण कर म्हणून गोळा होणारी रक्कम जिल्ह्यातून किती निघाली आणि जिल्ह्याच्या शाळांवर किती खर्च झाली, हे तालुकानिहाय जाहीर करण्यात कोणतीही अडचण नाही. तेवढे झाले तरी फुले यांनी 1882 मध्ये विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची सुरुवात होईल.