गळालेली पंचवीस अक्षरे

मराठवाड्याचा इतिहास धुंडाळणाऱ्याला हैदराबाद टळत नाही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तो जिल्हा निजामाच्या राज्यात. १९४८ साली संस्थान संपले, पण बरेचसे कागद तिकडेच राहिले. ते पाहायला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात माझी वर्षानुवर्षे ये-जा आहे. तिथून उप्पलच्या रस्त्याला लागले की जवळच हबशीगुड्यात सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे रक्तातले दस्तऐवज वाचतात. त्यांपैकी एक वय होत चाललेल्या हृदयाविषयी आहे आणि तो आपल्या कोणत्याही सनदेपेक्षा जुना आहे.

२००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये पेरुंदुरै धंदपाणी, या संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूचे आकुंचन शिस्तीत ठेवणारे एक प्रथिन असते. ते ज्या जनुकावरून तयार होते, त्यातली २५ अक्षरे सुमारे ४ टक्के भारतीयांत गळालेली आढळली. तपासणीची पद्धत तशी सोपी. डीएनएचा तेवढाच तुकडा पीसीआरने लाखो पटींनी वाढवायचा आणि विजेच्या साहाय्याने जेलमधून पळवायचा. अक्षरे गळालेला तुकडा आखूड, म्हणून तो पुढे जातो. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्याला हे लगेच उमगेल. गळालेली अक्षरे मजकुरातली नाहीत, दोन परिच्छेदांमधल्या जागेतली आहेत. पण ती नसली की लेखनिक पुढचा एक परिच्छेदच वगळून जातो आणि प्रथिनाचे टोक बिघडते.

तरुणपणी याचा उपद्रव सहसा जाणवत नाही. संशोधकांचे म्हणणे असे की, शरीर बिघडलेले प्रथिन मोडून टाकत असते. वय वाढते तशी ही सफाई मागे पडते, प्रथिन साचते, स्नायू थकतो. बरे, हृदयाच्या पेशी सहजी बदलतही नाहीत. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे कार्बन-१४ वापरून मोजले. इनामगावच्या उत्खननामुळे आपल्याला ही पद्धत परकी नाही. इथे मात्र शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन पेशींच्या डीएनएत शोधला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही.

ही गळती सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज आहे. एवढा काळ ती टिकली कशी? ती बाधते तोवर मुले होऊन गेलेली असतात. निसर्गाची चाळणी तिथवर पोचत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. (तिशीत सगळे मरत, असा याचा अर्थ नव्हे, बालमृत्यूंनी ती सरासरी खाली ओढली होती.) तरी साठी-सत्तरी गाठणारे आज घरोघरी आहेत, तेव्हा थोडे. जे गाठत, त्यांच्या नावापुढे मृत्यूनोंदीत ‘वृद्धापकाळ’ एवढेच. माझे दोन चुलते पन्नाशीतच दम लागून गेले. घरात त्याला ‘दमा’च म्हणत.

एका व्याख्यानानंतर मला पहिला प्रश्न आला तो ‘कोणत्या जातीत?’ असा. ही गळती जाती आणि भाषा ओलांडून पसरलेली आहे. पाकिस्तान, श्रीलंकेतही सापडते. ३३,००० वर्षांपूर्वी कुठली आली जात? दुसरा प्रश्न ‘तपासून घ्यावे का?’ असा होता, आणि तो खरा. इथे जपून बोलले पाहिजे. २०१८च्या ‘जामा कार्डिऑलॉजी’तल्या अभ्यासापासून एकट्या गळतीवरचा आरोप सौम्य झाला आहे. काही जणांत तिच्यासोबत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, तो अधिक दोषी दिसतो. कोट्यवधी लोकांच्या माथी सरसकट आजार मारणाऱ्या बातम्या मला म्हणूनच उथळ वाटतात.

मी डॉक्टरकीत शिरत नाही. वंशावळ लावून द्या म्हणून लोक माझ्याकडे येतात. त्र्यंबकेश्वरच्या नामावळीत नावे मिळतात, बाकी काही नाही. आता प्रत्येक नावापुढे मी दोन रकाने वाढवले आहेत: मृत्यूचे वय, आणि शेवटच्या वर्षांत पायाला सूज, चढावर दम असे काही होते का. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे नेमके आठवते. पिढ्यान्‌पिढ्या तेच उत्तर आले, तर हा कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, एवढे सांगतो.