चूक वैमानिकाची की शेजारच्या बटणाची?

विमान अपघाताच्या बातमीत ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द आले की चर्चा बहुधा तिथेच थांबते. कॉकपिट-रचनेचे शास्त्र मात्र त्या शब्दांवर समाधान न मानणाऱ्यांमुळेच जन्माला आले. त्याच्या इतिहासातील एक दुःखद पान आपल्या बंगळूरुचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसत. उतरल्यावर वैमानिकाला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागील कडेचे हलते भाग, मिटायचे असत. प्रत्यक्षात तो चाके आत घेई. वैमानिक निष्काळजी आहेत, असे मानणे सोपे होते. अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटच तपासले. दोन्ही खटके एकसारखे होते आणि शेजारी-शेजारी होते. सी-४७ विमानात त्यांची मांडणी वेगळी होती, आणि तिथे ही चूक क्वचितच घडे. उपाय साधा निघाला : चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. हाताला न पाहताही फरक कळू लागला. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणे हाताळतानाच्या ४६० चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे निम्म्या चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरे हाताळल्याच्या होत्या. चूक यादृच्छिक नव्हती. तिला एक ठरावीक घडण होती, आणि ती यंत्राच्या मांडणीतून आलेली होती.

आता १४ फेब्रुवारी १९९० कडे वळू. इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान मुंबईहून बंगळूरुला पोहोचत होते. दुपारची वेळ, स्वच्छ हवामान. धावपट्टीपूर्वीच ते गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिकही त्यांत होते. शेवटच्या टप्प्यात विमान अशा अवस्थेत होते की इंजिने किमान शक्तीवर चालत होती, आणि वेग आवश्यकतेपेक्षा खाली जात राहिला. चौकशीत एक शक्यता पुढे आली : उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट ठरवायचा असताना शेजारचे, उंची ठरवणारे बटण फिरवले गेले असावे. चॅपानिसच्या निरीक्षणानंतर जवळपास अर्धे शतक उलटले होते, आणि प्रश्न पुन्हा दोन शेजारच्या नियंत्रणांचाच होता.

यातील भौतिकी निष्ठुर आहे. विमानाकडे उंचीची आणि वेगाची अशी दोन प्रकारची ऊर्जा असते. एक खर्चून दुसरी मिळवता येते. दोन्ही कमी झाल्या की उरते ते केवळ इंजिन, आणि किमान शक्तीवरच्या जेट इंजिनाला पूर्ण जोर पकडायला काही सेकंद लागतात. ते सेकंद त्या विमानाकडे नव्हते. त्यात भर अशी की अनेक जुन्या विमानांत स्वयंचलित यंत्रणा शक्ती कमी करताना लिव्हरही मागे सरकत, आणि हाताला ते जाणवे. ए-३२० मध्ये ते स्थिर राहतात. बदल पडद्यावर वाचावा लागतो.

वैमानिकांनी वेगावर लक्ष ठेवायला हवे होते, हे खरेच. परंतु केवळ एवढे म्हणून थांबलो तर पुढच्या वैमानिकासाठी काहीच बदलत नाही. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ आणखी एक ए-३२० डोंगरावर आदळले. ८७ जण गेले. तिथे पडद्यावरचा ‘३३’ हा आकडा ३.३ अंशांचा उतार समजला गेला आणि विमानाने तो मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला, ही शक्यता चौकशीत ठळक ठरली. त्यानंतर उतरण्याचा दर पूर्ण चार अंकांत दाखवण्याचा बदल झाला. पुढे ए-३२० हे जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रवासी विमानांपैकी एक ठरले.

आज हा विषय आपल्यासाठी केवळ परदेशी विमान विकत घेण्यापुरता उरलेला नाही. ‘तेजस’मध्ये वैमानिकाच्या नजरेसमोर माहिती उमटवणारा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला. कोणती माहिती आधी दिसावी, कोणते बटण कुठे असावे, हे निर्णय आता आपले अभियंतेही घेत आहेत. अशा यशाच्या बातम्यांत वेग आणि क्षेपणास्त्रांची चर्चा भरपूर होते. थकलेल्या वैमानिकाच्या हाताला दोन बटणे वेगळी कळतात का, हे क्वचितच विचारले जाते. यापुढे एखाद्या चौकशी अहवालाची बातमी वाचाल, तेव्हा चूक कोणाची यासोबत एवढेही शोधा : त्या क्षणी त्याला काय दिसत होते, आणि हाताशी काय होते?