परस्थळाचा निवाडा

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता येरवडा मागे टाकून पूर्वेला निघाला की चंदननगरच्या सुमारास त्याच्या उजव्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठापर्यंत, खराडीची शिवारे पसरलेली असत. हा ‘असत’ अगदी अलीकडचा आहे, कारण हवेली तालुक्यातील हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेतजमीन आणि नदीचा मळा यांच्या हिशेबाने जगत होते, आणि पुढे ते महापालिकेच्या हद्दीत येऊन ‘इऑन’ आयटी पार्कसारखे काचेचे प्रासाद त्याच मळ्यांवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या आश्रयाने दवाखान्यांच्या पाट्याही उगवल्या. या गावात हद्दीचे आणि वाटण्यांचे तंटे ऐकत वाढलेला माझा मावसभाऊ, वय वर्षे सत्तेचाळीस, गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्याकडे आला तो काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवून आणल्याचा भाव घेऊन. एका डॉक्टरांनी त्याला दोन्ही गुडघे एकदमच बदलून घ्या, असे सांगितले होते. विम्याची मंजुरीही आली होती. बराच वेळ चहा ढवळून झाल्यावर तो म्हणाला, “दादा, दुसरीकडं दाखवलं तर पहिल्या डॉक्टरांना राग नाही ना येणार?”

वर्षानुवर्षे जिना चढताना कठड्याला धरणाऱ्या माणसाला वेदनेपेक्षा या रुसव्याचे भय अधिक वाटावे, याचे मला नवल वाटले. आणि अधिक नवल याचे की, ज्या मुलखात परस्थळ मागण्याची वहिवाट शेकडो वर्षे नांदली, त्याच मुलखातील वतनदाराच्या नातवाला ही गोष्ट चोरटी वाटावी. शिवकाळात आणि पेशवाईत गावच्या गोतसभेपुढे वतनाचा वाद उभा राहिला आणि वादी किंवा प्रतिवादी यांपैकी कोणास वाटले की येथील पांढरी एका बाजूस कललेली आहे, येथे पाटलाचा दाब आहे, साक्षीदार मिंधे आहेत, तर तो सरकारात अर्ज करून आपला वाद दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे, म्हणजे परस्थळी, नेण्याची मागणी करीत असे, आणि ती पुष्कळदा मान्य होत असे. मूळ सभेचा त्यात अपमान झाला असे कोणी मानीत नसे. दोन्ही पक्ष निवाडा मान्य करण्याविषयी आधी ‘राजीनामा’ लिहून देत, वर्तणुकीचे जामीन देत, मग पुरावा तपासला जाई, हाजीर मजालसींची, म्हणजे सभेस हजर असलेल्यांची, नावे घालून महजर, म्हणजे निवाडपत्र, होई, आणि हरलेला पक्ष येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई. राजीनामा या शब्दाचा अर्थ आज नोकरी सोडण्याचा कागद एवढाच उरला आहे. पण मूळ फारसीत तो ‘राजी असल्याचा कागद’ आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून सही घेतात त्या संमतिपत्रास याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

वैद्यकातही हे नवे नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा, म्हणजे एकाच शास्त्राच्या जाणत्यांनी आपसांत करावयाच्या चर्चेचा, विस्तृत विचार आला असून तिचे संधाय आणि विगृह्य, म्हणजे मैत्रीची आणि झुंजीची, असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्याच ग्रंथात सांध्यात शिरलेल्या वायूने येणाऱ्या सुजेला वाऱ्याने फुगलेल्या पखालीची उपमा दिलेली आहे, जी ज्याने सुजलेल्या गुडघ्यावर एकदा बोट दाबून पाहिले असेल त्याला कधी विसरता येणार नाही. गावोगावच्या तालमींतील हाडवैद्यांकडे मात्र संभाषेला वाव नसे. तेथे माणूस लेप आणि बांबूच्या कामट्या बांधून घेऊन येई, आणि गुण न आल्यास दुसऱ्या तालमीची वाट धरी.

पण सही, संमती आणि दुसऱ्या वैद्याचा शोध या तिन्ही गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्याचा पुण्यातला सर्वांत गाजलेला दाखला याच नगर रस्त्याच्या तोंडाशी, येरवड्यापासून सुरू होतो. सहा वर्षांची सजा भोगीत असलेले महात्मा गांधी जानेवारी १९२४ मध्ये तुरुंगात पोटदुखीने आजारी पडले, आणि दुखणे आंत्रपुच्छाचे आहे असे ठरल्यावर त्यांना ससून रुग्णालयात आणण्यात आले. शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक करणार होते. आपल्या विश्वासाचे वैद्य हवे आहेत काय, असे विचारल्यावर गांधीजींनी मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे सांगितली; त्यांना गाठण्याचे प्रयत्न झाले, पण दुखणे थांबण्याजोगे नव्हते. तेव्हा भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री आणि पुण्यातील स्नेही डॉ. फाटक यांना रात्री बोलावून घेण्यात आले, आणि त्यांच्या समक्ष, आपल्या पसंतीचे वैद्य येऊ शकले नाहीत तरी आपला मॅडॉकसाहेबांवर पूर्ण विश्वास आहे आणि आपण राजीखुशीने शस्त्रक्रियेस संमती देत आहोत, अशा आशयाचे निवेदन तयार होऊन त्यावर गांधीजींनी सही केली. १२ जानेवारीच्या त्या रात्री मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले, हे सर्वश्रुत आहे. मला त्या प्रसंगातील दिव्यापेक्षा कागद अधिक बोलका वाटतो. सरकारला तो आपल्या बचावासाठी हवा होता यात संशय नाही, कारण बंदिवान महात्मा इंग्रज शल्यवैद्याच्या सुरीखाली दगावता तर देश पेटला असता. तथापि त्या निमित्ताने का होईना, कैद्यालाही परस्थळ मागण्याची मुभा आहे हे ससूनच्या त्या खोलीत मान्य झाले, आणि मागणाऱ्याने पहिल्या वैद्याविषयी तिळमात्र कटुता न ठेवता ते मागितले.

त्यानंतरच्या अर्धशतकात पेठांतून आणि हळूहळू उपनगरांतून जी पद्धत रुजली ती फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीची. घराण्याचा डॉक्टर आजार आपल्या आवाक्याबाहेरचा दिसला की स्वतःच ‘मोठ्या डॉक्टरां’ना चिठ्ठी लिही, प्रसंगी त्यांना बरोबर घेऊन घरी येई, आणि दोघे पडवीत उभे राहून हलक्या आवाजात इंग्रजीतून बोलत, तेवढ्यात घरातील बायका साबण, पाणी आणि स्वच्छ पंचा तयार ठेवीत. दुसरे मत मागण्याची लाज रुग्णाला वाटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते मागण्याचे काम पहिलाच डॉक्टर करी. पुढे चिठ्ठीची ही मधली कडी तुटली आणि रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत आपले दफ्तर घेऊन एकटाच दारोदार फिरू लागला. माझ्या भावाचा अपराधी भाव हे त्या तुटलेल्या कडीचे अपत्य होय, असे मला वाटते.

आता गुडघ्याविषयी. इतर अनेक दुखण्यांत दुसरे मत ‘काय झाले आहे’ यासाठी घेतात. तरुण वयातील गुडघ्याच्या बाबतीत ते मुख्यतः ‘केव्हा’ यासाठी घ्यावे लागते, आणि याचे कारण या कृत्रिम सांध्याच्या इतिहासातच आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने हस्तिदंताची बिजागरी करून ती क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत बसवली, आणि जंतुदोषाने तो उद्योग फसला. १९५० नंतर युरोपात पुन्हा बिजागऱ्या आल्या, त्या सैल होऊन निखळू लागल्या, कारण गुडघा हा दाराप्रमाणे केवळ मिटत-उघडत नाही, तर घरंगळतो, सरकतो आणि किंचित पिळतोही. इंग्लंडात रायटिंग्टनला जॉन चार्न्ली यांच्या हाताखाली काम केलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनडियन शल्यवैद्याने १९६८ च्या सुमारास बिजागरी सोडून धातूची धार आणि प्लास्टिकची पन्हळ अशी रचना केली. आणि १९७४ मध्ये न्यू यॉर्कला जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि मध्य प्रदेशातून तेथे गेलेले चित्तरंजन राणावत यांच्या हातून ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा आकारास आला, ज्याची वंशावळ आजच्या बहुतेक सांध्यांपर्यंत पोचते. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूचा पाट आणि मध्ये पॉलिथिलीनची गादी, एवढीच आजच्या सांध्याची रचना. पण ही गादी झिजते. झिजेचे कण भोवतालच्या हाडास मऊ करतात, सांधा हलू लागतो, आणि मग तो काढून दुसरा बसवताना पहिल्या वेळेइतके हाड हाताशी उरत नाही.

‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संकलनानुसार पूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, ही बातमी सत्तरीतल्या आजोबांना आनंदाचीच आहे. परंतु त्याच नियतकालिकाने २०१७ मध्ये छापलेल्या ब्रिटिश नोंदींत असे दिसले की सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी आयुष्यभरात पुन्हा ती करावी लागण्याचा धोका साधारण पाच टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या वर्षांतील पुरुषांत तो पस्तीस टक्क्यांच्या घरात आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघा बदलणारा माणूस अधिक चालतो, अधिक चढतो आणि अधिक वर्षे जगतो. म्हणजे जे आरोग्य त्याला परत मिळते तेच गादीला झिजवते.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघरी बोलली जाऊ लागली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे, ज्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्याच डॉ. राणावतांनी बदलला, पण तेव्हा पंतप्रधानांचे वय पंचाहत्तरीचे होते, हा तपशील चर्चेतून गळून पडला. पुण्याला तर या शास्त्राची परंपराच आहे. कृत्रिम अवयव केंद्र येथे १९४४ पासून आहे, १९६५ मध्ये येथे अस्थिरुग्णालय काढणाऱ्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ हा पहिला देशी सांधा घडवला, आणि तो घडवताना मांडी घालून बसणाऱ्या लोकांचा विचार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत, जी पूर्वी सरासरी दीड लाखाच्या पुढे होती, ५४,७२० रुपये ठरवली आणि गुडघ्यातील नफा किती फुगला होता हे उघड्यावर आले. डॉ. अरुण गद्रे यांनी ‘साथी’ या पुण्याच्या संस्थेच्या वतीने ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात ‘कैफियत’ हा जुना दरबारी शब्द आला आहे, तो मला फार सार्थ वाटतो. त्या कैफियतीत डॉक्टरांनीच आपल्या व्यवसायातील अनावश्यक शस्त्रक्रियांची कबुली दिलेली आहे. कायद्यानेही रुग्णाची बाजू सोडलेली नाही: मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर २००२ पासून बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नाव घेऊन नमूद आहे.

हे सारे मी भावाला सांगितले. तो जांभया देत होता. तरी पुढच्या आठवड्यात आम्ही नदीपलीकडील एका वयस्क अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाकिटातील चित्रे खिडकीच्या उजेडात धरली, कोपऱ्यातील खूण पाहिली आणि विचारले, “हे झोपवून काढलेत का?” झोपवून काढलेल्या एक्स-रेत शरीराचा भार सांध्यावर पडत नाही, त्यामुळे सांध्यातील फट कोठे किती दबते याचा अंदाज येत नाही. त्यांनी दोन्ही पाय उघडे ठेवून, उभे राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत नवे चित्र काढून आणण्यास सांगितले, आणि तोवर त्याला व्हरांड्यात चार वेळा ये-जा करायला लावून, चष्मा कपाळावर सारून, नुसते पाहत बसले. मग विचारले, “कुस्ती?” भाऊ म्हणाला, “कबड्डी.” चोविसाव्या वर्षी खेळताना उजव्या गुडघ्यातील कूर्चा फाटली होती आणि ती सबंध काढून टाकली होती, ही हकीकत पहिल्या दफ्तरात कोठेच नव्हती. कूर्चा काढलेल्या गुडघ्यात पुढे कोणते बदल होतात हे फेअरबँक या इंग्रज शल्यवैद्याने १९४८ मध्येच लिहून ठेवले आहे.

नव्या चित्रात डावा गुडघा वयाच्या मानाने बरा निघाला. उजव्याचा केवळ आतला अर्धा भाग घासला होता, पाय धनुष्यासारखा वाकला होता, आणि बाहेरचा अर्धा शाबूत होता. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढली, खुब्यापासून घोट्यापर्यंत, आणि ती गुडघ्याच्या आतल्या कडेवरून कशी जाते ते दाखवले. नडगीचे हाड गुडघ्याखाली कापून त्याची दिशा थोडी बदलायची आणि ही रेघ बाहेरच्या बाजूस सरकवायची, अशी एक जुनी शस्त्रक्रिया आहे; अमेरिकेत कव्हेन्ट्री यांनी १९६५ पासून तिचा प्रसार केला. तिच्यात आपला सांधा आपल्यापाशीच राहतो, आणि पुढे साठीत तो बदलण्याची वेळ आलीच तर तो मार्ग खुला असतो. पण त्याआधी नऊ किलो वजन उतरवावे, मांडीचे स्नायू सहा महिने नेमाने राबवावेत, आणि मगच भेटावे. “वंगण संपलंय म्हणाले होते,” भाऊ म्हणाला. “वंगण गाडीत असतं,” ते म्हणाले, आणि पहिल्या डॉक्टरांच्या नावे, अत्यंत आदरपूर्वक, चार ओळींची चिठ्ठी लिहून त्यांनी ती त्याच्याच हातात दिली.

चिठ्ठी घेऊन तो पहिल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ती वाचली, उभे चित्र पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि रागावले नाहीत. सहा महिने थांबायला हरकत नाही, एवढेच म्हणाले. विम्याची मंजुरी मुदत संपून रद्द झाली. दोन्ही गुडघ्यांचे संमतिपत्र, ज्यावर रुग्णालयाने नाव आणि वय आधीच टंकित करून दिले होते, ते त्याच्या घरच्या लोखंडी कपाटात नदीकाठच्या विकलेल्या मळ्याच्या सातबारा-उताऱ्यांसोबत ठेवलेले आहे. सहीची जागा कोरी आहे. रोज पहाटे तो जुन्या गावठाणातून नदीपर्यंत चालत जातो आणि परतताना चढावर दोनदा थांबतो. पूर्वी चारदा थांबत असे.